शिट्टी बरोबर, निर्णय चूक : ड्यूक–व्हर्जिनिया सामन्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्यूक विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ ११ फेब्रुवारी २०२३ रोजी व्हर्जिनियाच्या मैदानावर जादा वेळेत हरला. त्या पराभवाची चर्चा ड्यूकच्या चाहत्यांमध्ये अजूनही थांबलेली नाही. ड्यूक विद्यापीठ ज्या भागात आहे त्या अमेरिकेतील राली-डरहॅम परिसरात शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी येऊन ज्यांना या खेळाची गोडी लागली, अशा मराठी प्रेक्षकांनाही हा वाद पुन्हापुन्हा ऐकावा लागतो आणि त्यातील अर्धा भाग नियमांच्या अपुऱ्या माहितीमुळे डोक्यावरून जातो. या वादात नेहमी निघणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे खाली दिली आहेत.

त्या सामन्याच्या शेवटी नेमके काय घडले?

शार्लट्सव्हिल येथील जॉन पॉल जोन्स अरीनामध्ये शनिवारी हा सामना झाला. व्हर्जिनियाचा संघ तेव्हा राष्ट्रीय क्रमवारीत आठवा होता. ४० मिनिटांचा नियमित खेळ संपत आला तेव्हा गुण ५८–५८ असे बरोबरीत होते आणि घड्याळावर दोन सेकंदांहूनही कमी वेळ उरला होता. ड्यूकने रेषेबाहेरून आत टाकलेला चेंडू काइल फिलिपाव्स्की या सात फुटी नवख्या खेळाडूने घेतला आणि तो थेट बास्केटच्या दिशेने झेपावला. त्याला अडवायला व्हर्जिनियाचा रायन डन उडाला, दोघांची टक्कर झाली, चेंडू जाळीत गेला नाही आणि पंचाची शिट्टी वाजली. फाउल डनवर दिला गेला होता. याचा अर्थ असा की, गुण बरोबरीत, घड्याळ जवळजवळ संपलेले आणि फिलिपाव्स्कीला दोन फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारी, कुणीही न अडवता घ्यायची एकेका गुणाची फेक).

त्यानंतर पंच नोंद-टेबलापाशी असलेल्या पडद्याकडे गेले. चित्रण पाहून परतल्यावर त्यांनी फाउल रद्द केला आणि जादा वेळ जाहीर केला. त्या पाच मिनिटांत व्हर्जिनियाने ११ आणि ड्यूकने ४ गुण केले, आणि सामना ६९–६२ असा संपला.

फाउल रद्द करण्यामागे पंचांचे कारण काय होते?

संपर्क झाला तेव्हा घड्याळ शून्यावर आलेले होते, म्हणून तो खेळ संपल्यानंतरचा संपर्क ठरतो आणि त्याचा फाउल धरता येत नाही, असा त्यांचा तर्क होता. ऐकायला हा तर्क सरळ वाटतो. मैदानातील बहुतेक प्रेक्षकांना आणि घरी बसून सामना पाहणाऱ्या अनेकांनाही तो तेव्हा पटला असणार, कारण ‘वेळ संपली की खेळ संपला’ ही समजूत आपण सगळेच बाळगून असतो. बास्केटबॉलचा नियम मात्र तसा नाही.

मग नियम काय सांगतो?

पुढच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे या एका नियमावर उभी आहेत, म्हणून तो नीट समजून घ्यावा लागतो.

घड्याळ शून्यावर येते आणि बास्केटच्या काचेभोवतीची लाल पट्टी पेटते तेव्हा खेळाचा तो भाग संपतो, हा झाला सर्वसाधारण नियम. त्याला एक मोठा अपवाद आहे. लाल पट्टी पेटण्यापूर्वी बास्केटच्या दिशेने फेकलेला चेंडू खेळाडूच्या हातातून सुटलेला असेल, तर तो हवेत असेपर्यंत तो भाग संपलेला मानला जात नाही. चेंडू जाळीत गेला तर गुण धरले जातात, हे सर्वांना ठाऊक असते, कारण शेवटच्या क्षणी टाकलेल्या अशा बास्केटची चित्रणे सगळ्यांनीच पाहिलेली असतात. त्याच अपवादाचा दुसरा भाग मात्र फारसा कुणाच्या लक्षात नसतो: फेकलेला चेंडू हवेत असताना बचाव करणाऱ्या खेळाडूने फाउल केला, तर वेळ संपलेली असली तरीही तो फाउल धरला जातो आणि त्याचे फ्री थ्रो पूर्ण झाल्यावरच तो भाग संपतो. त्याखेरीज, उडी मारून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचे पाय पुन्हा जमिनीला लागेपर्यंत तो ‘फेक करणारा’ खेळाडूच मानला जातो आणि तेवढ्या वेळासाठी नियम त्याला संरक्षण देतो. चेंडू हातातून गेला, आता याला आडवा केला तरी चालेल, असे बचावपटूला म्हणता येत नाही.

हे शार्लट्सव्हिलच्या प्रसंगाला लावून पाहिले तर तीनच शक्यता उरतात. संपर्क शून्याच्या आधी झाला असेल, तर फाउल आहे आणि प्रश्नच मिटतो. संपर्क शून्यानंतर झाला, पण चेंडू शून्याच्या आधी हातातून सुटला होता, असे असेल तरीही फाउल आहे. संपर्क शून्यानंतर झाला आणि चेंडूही तोवर हातातच होता, या एकाच परिस्थितीत फाउल रद्द होऊ शकतो. म्हणजे पंचांना पडद्यावर दोन गोष्टी तपासायच्या होत्या: संपर्क कधी झाला आणि चेंडू कधी सुटला. त्यांचा निर्णय पहिल्याच गोष्टीवर थांबला.

अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने चूक मान्य केली, हे खरे आहे का?

होय. ड्यूक आणि व्हर्जिनिया ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतात तो गट म्हणजे ही कॉन्फरन्स, अर्थात एसीसी, आणि या सामन्याचे पंच तीच नेमते. तिने त्याच रात्री निवेदन काढून सांगितले की नियमाची अंमलबजावणी चुकीची झाली, डनवरील फाउल कायम ठेवायला हवा होता आणि फिलिपाव्स्कीला दोन फ्री थ्रो मिळायला हवे होते. घड्याळ शून्यावर आले तेव्हा चेंडू हवेत होता, हाच त्या निवेदनाचा आधार होता. इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्ट शब्दांत कॉन्फरन्सने आपल्याच पंचांची चूक सांगणे ही नित्याची गोष्ट नव्हे. ड्यूकच्या चाहत्यांना त्याने समाधान मिळाले असेल असे मात्र मानू नये. चूक झाली की नाही याबद्दल शंका असते तोवर मनुष्य स्वतःची समजूत घालू शकतो. लेखी कबुली हातात आल्यावर तेवढाही आधार राहत नाही.

चित्रण पाहताना कशाकडे लक्ष द्यावे?

दूरचित्रवाणीवर कोपऱ्यात दिसणाऱ्या घड्याळावर विसंबू नये. ते चित्रावर नंतर चढवलेले असते आणि मैदानातील खऱ्या घड्याळापेक्षा किंचित मागे-पुढे असू शकते. बास्केटच्या मागून किंवा बाजूने घेतलेले असे चित्रण शोधावे, ज्यात काचेभोवतीची लाल पट्टी आणि खेळाडूचा हात एकाच चौकटीत दिसतात. मग एकेक चौकट पुढे सरकवत आधी बोटांकडे पाहावे: चेंडू आणि बोटांची टोके यांच्यामध्ये पहिल्यांदा फट दिसते तो क्षण म्हणजे चेंडू सुटल्याचा क्षण. त्या चौकटीत पट्टी विझलेली असेल, तर फेक वेळेत आहे. भोंग्याच्या आवाजावर तर मुळीच जाऊ नये, कारण चौदा हजारांहून अधिक प्रेक्षकांच्या गलक्यात तो कधी वाजला हे कळत नाही आणि नियमानेही अशा वेळी पट्टीचा प्रकाशच निर्णायक मानला जातो. शिट्टीचेही तसेच आहे. पंच संपर्क पाहतो, मनाशी निर्णय करतो आणि मग फुंकर मारतो. त्यामुळे शिट्टी नेहमीच संपर्कानंतर ऐकू येते, आणि ‘शिट्टी शून्यानंतर वाजली’ या युक्तिवादाला काही अर्थ उरत नाही.

मुळात तो फाउल होता का? डनने चेंडूच अडवला होता, असे व्हर्जिनियाचे चाहते म्हणतात.

असे म्हणण्याचा त्यांना अधिकार आहे, पण या वादात तो मुद्दा येत नाही. अशा वेळी पडद्यावर पाहून संपर्क वेळेत होता की नाही एवढेच ठरवता येते. तो संपर्क फाउल होण्याइतका होता की नव्हता, याचा पुनर्विचार पंचांना करता येत नाही. शिट्टी वाजवणाऱ्या पंचाने फाउल दिला होता आणि तो त्याचा प्रत्यक्ष पाहून केलेला निर्णय होता. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता आणि धाडसाचाही होता. यजमानांच्या मैदानावर, बरोबरी असताना, शेवटच्या क्षणी पाहुण्या संघाच्या बाजूने शिट्टी वाजवायला जिगर लागते. अशा प्रसंगी बहुतेक पंच शिट्टी तोंडातच ठेवतात आणि ‘खेळाडूंनाच निकाल लावू द्या’ या सबबीमागे लपतात. म्हणूनच या प्रसंगाची चीड वेगळी आहे. उघड्या डोळ्यांनी क्षणार्धात घेतलेला निर्णय बरोबर निघाला, आणि यंत्राच्या मदतीने, सावकाश, एकमेकांशी बोलून घेतलेला निर्णय चुकला. नजरेची चूक माफ करता येते, कारण दहा धडधाकट खेळाडूंच्या घोळक्यात तीन माणसांच्या नजरेला मर्यादा असतेच. नियमाच्या अज्ञानाला तशी सवलत देता येणार नाही.

कॉन्फरन्सनेच चूक मान्य केली, तर निकाल का बदलला नाही? ते दोन फ्री थ्रो नंतर घेता आले नसते का?

कॉलेज बास्केटबॉलच्या नियमांत सामन्याविरुद्ध तक्रार दाखल करून निकाल फिरवण्याची तरतूदच नाही. पंचांनी कोणत्या चुका नंतर दुरुस्त कराव्यात याची एक छोटी यादी नियमावलीत आहे आणि मिळायला हवा असलेला फ्री थ्रो न देणे ही चूक त्या यादीत आहेही. परंतु त्या दुरुस्तीची मुदत फार थोडी असते. घड्याळ पुन्हा सुरू होऊन पहिल्यांदा थांबते त्या सुमारास चूक लक्षात आली नाही, तर ती कायमची राहते. रात्री निवेदन निघाले तेव्हा खेळाडू कपडे बदलून बसमध्ये चढले असतील.

व्यावसायिक एनबीएमध्ये तक्रारीची सोय आहे आणि तिचे गाजलेले उदाहरण म्हणजे अटलांटा आणि मियामी यांच्यातील १९ डिसेंबर २००७ चा सामना. नोंद-टेबलावर बसणाऱ्यांनी मियामीच्या शकील ओनीलचे फाउल मोजण्यात चूक केली आणि पाचवा फाउल सहावा, म्हणजे खेळाडूला बाद करणारा, समजून त्याला बाहेर काढले. मियामीची तक्रार मान्य झाली आणि जादा वेळेतील उरलेले ५१.९ सेकंद ८ मार्च २००८ रोजी पुन्हा खेळवण्यात आले. तोपर्यंत ओनील दुसऱ्या संघात गेला होता, आणि अटलांटा पुन्हा जिंकला तो जिंकलाच. कॉलेजच्या खेळात तीनशेहून अधिक संघ, भिन्नभिन्न कॉन्फरन्स आणि परीक्षांच्या वेळापत्रकातून काढलेल्या तारखा असताना असा उपद्व्याप परवडणारा नाही, हे कबूल केलेच पाहिजे. तक्रारीला मुभा दिली असती, तर प्रत्येक शनिवारी रात्री शंभर तक्रारी येऊन पडल्या असत्या.

फ्री थ्रो मिळाले असते, तर ड्यूक नक्की जिंकला असता का?

नक्की नाही, पण जवळजवळ तसेच म्हणावे लागेल. फिलिपाव्स्की त्या मोसमात साधारणपणे चारांपैकी तीन फ्री थ्रो जाळीत घालत असे. दोन्ही फ्री थ्रो चुकण्याची शक्यता त्या हिशेबाने सोळात एक येते, म्हणजे किमान एक जाळीत जाण्याची शक्यता सोळात पंधरा. बरोबरी असताना एकच पुरेसा होता. शिवाय घड्याळ शून्यावर असल्याने फ्री थ्रोच्या वेळी बाजूच्या रांगेत कुणी उभे राहिले नसते, रिबाउंड (चुकलेला चेंडू झडपण्याची संधी) नसता, व्हर्जिनियाला शेवटचा हल्ला करायला वेळ नसता. दोन्ही फ्री थ्रो चुकले असते तरी पुढे जादा वेळच होता. म्हणजे त्या क्षणी ड्यूकसमोर एक तर विजय होता, नाही तर जे प्रत्यक्षात वाट्याला आले तेच. त्याहून वाईट काही होऊच शकत नव्हते. पंचांच्या चुकीने ड्यूकच्या पदरातून काय गेले, ते यावरून स्पष्ट व्हावे.

परक्या मैदानावरचा दबाव, समोरचा आरडाओरडा, दमलेले पाय या सगळ्याला काही वजन द्यायला हवे, हे खरे. सोळात पंधराऐवजी दहात नऊ म्हणा, किंवा त्याहून थोडे कमी म्हणा. युक्तिवाद बदलत नाही.

पण फिलिपाव्स्कीने त्या सामन्यात एकही गुण केला नव्हता ना?

बरोबर. मोसमभर सरासरी १५ च्या आसपास गुण करणारा आणि पुढे एसीसीचा सर्वोत्तम नवखा खेळाडू ठरलेला फिलिपाव्स्की त्या दिवशी शून्यावर राहिला. ‘ज्याचा दिवसच नव्हता त्याने फ्री थ्रो तरी काय घातले असते,’ असे हिणवणारे लोक आहेत. आधीच्या फेका चुकल्या म्हणून, ज्या पंधरा फुटांवर कुणी अडवणारे नसते तिथली फेकही चुकेल, असा हिशेब मांडता येत नाही. त्याची शून्यावरची रात्र व्हर्जिनियाच्या बचावाची कमाई होती. त्या बचावाचा मान ठेवूनही हे म्हणता येते.

ड्यूक आपल्या कर्मानेच हरला, पंचांना दोष देणे ही पळवाट आहे, असे अनेक जण म्हणतात. त्यात तथ्य आहे का?

आहे, आणि ड्यूकच्या चाहत्यांनी ते ऐकून घेतले पाहिजे. त्या सामन्यात ड्यूकने वीसहून अधिक वेळा चेंडू फुकट घालवला. प्रशिक्षक टोनी बेनेट यांचा व्हर्जिनियाचा संघ संथ खेळासाठी आणि ‘पॅक-लाइन’ नावाच्या बचावासाठी ओळखला जाई. या बचावात चेंडू नसलेल्या खेळाडूंवर बाहेर जाऊन पहारा ठेवण्याऐवजी चौघे जण बास्केटच्या भोवती आकसून उभे राहतात आणि आत घुसणाऱ्याला वाट देत नाहीत. अशा संघाविरुद्ध ४० मिनिटांत मुळात हल्ल्याच्या संधीच थोड्या मिळतात, आणि त्यातल्या वीस जर चेंडू हरवून वाया गेल्या, तर ५८ गुणांची बरोबरी हीच नशिबाची गोष्ट मानावी लागेल. जादा वेळेतील पाच मिनिटांत फक्त ४ गुण, याला तर कोणताही पंच जबाबदार नव्हता.

तरीही ‘पळवाट’ हा शब्द मला मान्य नाही. एखादा संघ वाईट खेळला म्हणून त्याचा नियमाने मिळालेला हक्क कमी होत नाही. वाईट खेळूनही ड्यूकने शेवटच्या क्षणापर्यंत सामना बरोबरीत ठेवला होता आणि विजयाची संधी स्वतः निर्माण केली होती. चेंडू हरवण्याबद्दल चाहत्यांनी संघाला बोल लावावा, फ्री थ्रो काढून घेतल्याबद्दल पंचांना लावावा. दोन्ही खाती वेगळी आहेत आणि एकातली रक्कम दुसऱ्यात वळती करण्याचे कारण नाही.

पंच यजमानांना झुकते माप देतात का?

या एका निर्णयावरून तसे म्हणता येणार नाही. तिघांपैकीच एका पंचाने पाहुण्यांच्या बाजूने शिट्टी वाजवली होती, हे विसरू नये. पण सर्वसाधारण प्रश्न म्हणून विचाराल, तर बाहेरच्या मैदानावर फाउल थोडे अधिक लागतात, हा प्रेक्षकांचा अनुभव केवळ मनाचा खेळ नाही. कॉलेज सामन्यांतील फाउलांचा अभ्यास करून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसले की पाहुण्या संघावर फाउल जास्त दिले जातात, आणि ज्या संघावर फाउल कमी झालेले असतात त्याच्यावर पुढचा फाउल लागण्याची शक्यता वाढते. यात कट-कारस्थान शोधण्याची गरज नाही. हजारो लोक एकाच वेळी ओरडू लागले की संशयाचा फायदा कुणाच्या पदरात पडायचा, हे माणसाच्या मनात नकळत ठरते.

त्या मोसमात ड्यूकच्या वाट्याला घरचे आणि बाहेरचे हे अंतर फारच ठळकपणे आले. आपल्या घरच्या कॅमेरून इंडोर स्टेडियममध्ये संघ एकदाही हरला नाही. कॉन्फरन्समधील त्याचे सहाही पराभव बाहेरच्या मैदानांवर झाले: वेक फॉरेस्ट, एनसी स्टेट, क्लेमसन, व्हर्जिनिया टेक, मियामी विद्यापीठ आणि व्हर्जिनिया. यापैकी एनसी स्टेट आणि मियामी येथील पराभव वीसहून अधिक गुणांचे होते. तिथे पंचांचे नाव काढणेही हास्यास्पद ठरेल. व्हर्जिनिया टेकविरुद्ध ७८–७५ असा निसटता पराभव झाला, त्या सामन्यात फिलिपाव्स्कीच्या गळ्यावर फटका बसूनही फ्लॅग्रंट (म्हणजे गंभीर स्वरूपाचा) फाउल दिला गेला नव्हता. शार्लट्सव्हिलचा प्रसंग त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत घडला. चाहत्यांच्या रागाची धार समजून घ्यायची, तर ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी लागते.

‘ड्यूकलाच सगळ्या शिट्ट्या मिळतात’ असे इतर संघांचे चाहते म्हणतात. मग ड्यूकने तक्रार का करावी?

ही तक्रार माइक शिशेफ्स्की यांच्या काळापासून चालत आलेली आहे. ते १९८० ते २०२२ अशी ४२ वर्षे ड्यूकचे प्रशिक्षक होते आणि एवढी वर्षे जिंकणाऱ्या संघाबद्दल शेजाऱ्यांच्या मनात असे काही साचतेच. २०२३ चा मोसम जॉन शायर यांचा मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिला होता, त्यामुळे ‘शिशेफ्स्की गेले आणि शिट्ट्याही गेल्या’ अशी थट्टाही त्या दिवसांत ऐकू येत होती.

तक्रारीत अजिबात दम नाही, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पुढच्याच वर्षी, २७ जानेवारी २०२४ रोजी, कॅमेरूनमध्ये क्लेमसनविरुद्ध ड्यूक एका गुणाने मागे असताना अखेरच्या सेकंदाला ड्यूकच्या टायरीस प्रॉक्टरला अडवल्याबद्दल क्लेमसनवर फाउल दिला गेला, प्रॉक्टरने दोन्ही फ्री थ्रो घातले आणि ड्यूक ७२–७१ असा जिंकला. क्लेमसनचे चाहते त्या शिट्टीबद्दल आजही दात-ओठ खातात आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही खाल्ले असते. मात्र दोन प्रसंगांतला फरक लक्षात घ्यावा. क्लेमसनचा वाद संपर्क पुरेसा होता का, या नजरेच्या निर्णयाचा आहे. त्यावर दोन प्रामाणिक माणसांचे दुमत होऊ शकते. व्हर्जिनियाचा वाद पुस्तकात लिहिलेल्या नियमाचा आहे आणि त्यावर दुमत होऊ शकत नाही.

व्हर्जिनियाच्या चाहत्यांना शेवटच्या क्षणीचे फ्री थ्रो माहीत नाहीत की काय?

त्यांच्याइतके ते कुणालाच माहीत नसतील. ६ एप्रिल २०१९ रोजी मिनीयापोलिस येथे राष्ट्रीय उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध व्हर्जिनिया दोन गुणांनी मागे होता. अवघे ०.६ सेकंद राहिले असताना तीन गुणांची फेक करणाऱ्या व्हर्जिनियाच्या काइल गायला अडवताना ऑबर्नकडून फाउल झाला, गायने तिन्ही फ्री थ्रो घातले आणि व्हर्जिनिया ६३–६२ असा जिंकून पुढे राष्ट्रीय विजेता झाला. त्याआधी काही सेकंद व्हर्जिनियाच्या टाय जेरोमने केलेला डबल ड्रिबल (चेंडूचे टप्पे थांबवून पुन्हा सुरू करण्याचा नियमभंग) पंचांच्या नजरेतून सुटला होता आणि तो पडद्यावर तपासण्याची सोयही नव्हती. ऑबर्नच्या लोकांना शार्लट्सव्हिलचा प्रसंग पाहून काय वाटले असेल, याचा विचार करून ड्यूकच्या चाहत्यांनाही थोडे हसू यायला हरकत नाही.

त्या पंचांचे पुढे काय झाले?

कॉलेज बास्केटबॉलचे पंच कुणाच्या पगारी नोकरीत नसतात. ते सामन्यागणिक मानधनावर काम करतात, एकाच मोसमात अनेक कॉन्फरन्सचे सामने घेतात आणि आठवड्यातील कित्येक रात्री निरनिराळ्या गावी असतात. कुणाला कोणते सामने द्यायचे, हे कॉन्फरन्सचे पंचप्रमुख ठरवतात. चुकीबद्दल पंचाला सामने कमी मिळणे हीच बहुधा शिक्षा असते आणि ती सहसा जाहीर केली जात नाही. एनबीए २०१५ पासून अटीतटीच्या सामन्यांतील शेवटच्या दोन मिनिटांच्या निर्णयांचा अहवाल प्रसिद्ध करते. कॉलेजच्या खेळात तशी पद्धत रूढ नाही. ती असावी, असे मला वाटते. पंचांचा पाणउतारा व्हावा हा त्यामागचा हेतू नाही. नियम प्रत्यक्षात कसा लावायचा होता, हे सर्वांना एकाच ठिकाणी वाचायला मिळाले, तर निम्मे वाद तिथेच विझतील.

त्या पराभवाने ड्यूकचे प्रत्यक्ष नुकसान किती झाले?

नियमित मोसमाअखेर एसीसीमध्ये मियामी आणि व्हर्जिनिया प्रत्येकी १५ विजय व ५ पराभवांसह संयुक्त पहिले आले आणि ड्यूक १४–६ वर राहिला. फक्त हा एक निकाल उलटा केला, तर ड्यूक १५–५ होऊन मियामीच्या बरोबरीने पहिला येतो आणि व्हर्जिनिया १४–६ वर घसरतो. म्हणजे कागदावर तरी कॉन्फरन्सच्या नियमित मोसमाच्या विजेतेपदातील वाटा या निर्णयावर अवलंबून होता.

दुसऱ्या बाजूला, या पराभवानंतर ड्यूकने ओळीने दहा सामने जिंकले. बरोबर एका महिन्याने, ११ मार्च २०२३ रोजी, ग्रीन्सबरो येथे एसीसी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याच व्हर्जिनियाला ५९–४९ असे हरवले. त्या सामन्यात फिलिपाव्स्कीने २० गुण केले आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. राष्ट्रीय स्पर्धेत दोन्ही संघांची वाटचाल ऑर्लँडोतच संपली: व्हर्जिनिया पहिल्याच सामन्यात फर्मनकडून ६८–६७ असा, तर ड्यूक दुसऱ्या सामन्यात टेनेसीकडून ६५–५२ असा हरला.

आता प्रशिक्षकांना पंचांच्या निर्णयाला आव्हान देता येते. ती सोय तेव्हा असती, तर हा प्रकार टळला असता का?

नसता टळला. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये २०२५-२६ च्या मोसमापासून प्रशिक्षकाला आव्हान देण्याची मुभा मिळाली. हाताशी टाइम-आउट शिल्लक असेल तरच ते देता येते आणि पहिले आव्हान फसले तर त्या सामन्यात पुन्हा संधी मिळत नाही. पण ते ठरावीक बाबींपुरतेच आहे: चेंडू कुणाकडून बाहेर गेला, बास्केटकडे जाणाऱ्या चेंडूला नियमबाह्य अडथळा झाला का, आणि बास्केटखालच्या कमानीत बचावपटू उभा होता का. भाग संपतानाच्या फेकीची आणि फाउलच्या वेळेची तपासणी अजूनही पंच स्वतःच करतात. शार्लट्सव्हिलमध्ये शायर यांना चित्रण पाहायला लावण्याची गरजच नव्हती. पंच आपण होऊन पाहायला गेले होते. पाहून आल्यावर त्यांनी नियम चुकीचा लावला, आणि नियम चुकीचा लावल्याबद्दल आव्हान देण्याची सोय नव्या तरतुदीतही नाही.